दारफाळणीचा सण आणि शिंगाचा सण

२ ऑक्टोबर २०२५ रोजी पेडणे-डिचोलीच्या घरांतून दसऱ्याचे सोने वाटले जात होते. त्याच दिवशी मुंबई, ठाणे आणि अलिबाग येथील काही मराठी कुटुंबे पांढरी वस्त्रे लेवून, निर्जळी उपास धरून, सकाळपासून आपल्या प्रार्थनामंदिरात बसली होती. त्यांचा तो योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या वर्षीही असेच घडले होते. २०२४ साली दसरा आणि योम किप्पूर हे दोन्ही १२ ऑक्टोबरला आले. या जुळणीला केवळ योगायोग म्हणता येत नाही. यहुदी पंचांगातील तिश्री महिन्याची दशमी आणि आपल्या आश्विनाची शुद्ध दशमी एकाच चंद्राच्या कलेवर मोजली जाते; दोन्ही पंचांगांत महिना चंद्राचा, वर्षाचा मेळ मात्र सूर्याशी, आणि तो मेळ घालण्यासाठी दोघांनाही अधिक मास धरावा लागतो. यहुद्यांचे गणित १९ वर्षांत ७ अधिक मास असे बांधलेले आहे, आणि आपलेही सरासरीने तेवढेच पडते. फरक एवढाच, की अधिक मास धरण्याची वेळ नेहमी एक नसते. २०२३ साली आपला श्रावण अधिक होता, त्यांचा आदार २०२४ मध्ये अधिक झाला. म्हणून २०२३ चा योम किप्पूर दसऱ्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, गणेश चतुर्थीनंतर सहाव्याच दिवशी आला. पुढे दोघांचे हिशेब पुन्हा एका ओळीवर आले.

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे बेने इस्राएल या सणाला योम किप्पूर म्हणत नसत. ते त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशी स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून, दार बंद करून घरात बसायचे, उपास करायचा आणि परक्याचा स्पर्शसंपर्क टाळायचा. या नावात हिब्रूचा एकही शब्द नाही. तरी सण तोच, दिवस तोच, आणि उपासही तोच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही नावे आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या शुभेच्छा हा आहे. पेडणे आणि डिचोली महालांत राहणाऱ्या आपल्यासारख्या जुन्या घराण्यांना तो प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तो तसा नाही, हे पुढे दिसेल.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बाकीच्यांना नवगावला मूठमाती देण्यात आली. समुद्राने ग्रंथ नेले. उरली ती ‘शेमा इस्राएल’ या श्रद्धावचनाची सुरुवात, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. ज्या गावात राहिले त्या गावाचे आडनाव त्यांनी घेतले: किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेउलकर, दिव्याचे दिवेकर. आपल्याकडच्या पेडणेकर, डिचोलकर या आडनावांची घडण हीच आहे.

त्यांच्या सणांची सविस्तर नोंद हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी करून ठेवली. मुंबईत १८७५ साली इस्राएली शाळा काढणारा हा गृहस्थ स्वतः त्याच समाजातला. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास छापून निघाला तो १९३७ साली, तेल अवीव येथे, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्यातील सणांची नावे मराठी वाचकाने एकदा सावकाश वाचावीत अशी आहेत. वर्षाचा पहिला दिवस ‘नव्याचा सण’. त्यानंतर तिश्रीच्या चतुर्थीला ‘खिरीचा सण’. त्या दिवशी नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा आणि ‘शेमा’ म्हणायचा. दशमीला दारफाळणी. एकादशीला ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी. फाल्गुनात येणारा पूरीम हा ‘होळीचा सण’, कारण तो आणि आपली होळी बहुधा एकाच पौर्णिमेच्या आगेमागे येतात (२०२५ साली पूरीम आणि धुळवड दोन्ही १४ मार्चला होती). श्रावणाच्या आसपास येणारा, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या उपासाच्या सुमारास जमिनीवर बसून, केळीच्या पानावर वालाचे बिरडे खायचे. ‘रोजा’ आणि ‘रमजान’ हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले, ‘होळी’ हिंदू शेजाऱ्यांकडून. त्यामुळे सण त्यांच्याकडून आले असे मात्र कोणी समजू नये.

या यादीतले सर्वांत बोलके नाव वल्हांडणाच्या सणाचे आहे. इजिप्तमधून सुटका झाली त्या रात्रीची आठवण म्हणून यहुदी लोक त्या आठवड्यात आंबवलेले काहीही खात नाहीत, घरात ठेवीतही नाहीत. हा नियम सांगणारा ग्रंथ कोकणात नव्हता. बेने इस्राएलांनी त्याला नाव दिले ‘अनाशी ढाकाचा सण’. कालवणात घालायचे आंबट पाणी ज्या मडक्यात असे, त्या मडक्याचे तोंड त्या दिवसांत झाकून ठेवायचे. इजिप्तची कथा विसरली गेली, बेखमीर भाकरीही विसरली गेली, पण आंबवणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही एवढे त्या झाकलेल्या मडक्याने शंभर-दोनशे पिढ्यांच्या हिशेबात नव्हे, तर दर चैत्राच्या हिशेबात जपले. धर्माच्या इतिहासकारांना ग्रंथ हवा असतो. येथे मडके पुरले.

ग्रंथ आणि धर्मगुरू दोन्ही नसताना तिथी कशा सांभाळल्या असतील? माझे अनुमान असे, की वरच्या आभाळाने आणि शेजारच्या पंचांगाने. ज्या गावात अमावास्या, चतुर्थी आणि पौर्णिमा सगळ्यांनाच ठाऊक असतात, तेथे आपला उपास कोणत्या चंद्राला हे लक्षात ठेवायला हिब्रू यावे लागत नाही. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ‘होळीचा सण’ हे नाव त्या तर्काला बळ देते. ‘नव्याचा सण’ या नावाकडेही त्याच नजरेने पाहता येईल. आपल्याकडे नव्याच्या पंचमीला नवी कणसे घरात येतात, ख्रिस्ती बांधव त्याच सुमारास चर्चमध्ये कोणसांचे फेस्त करतात. नवे वर्ष आणि नवे धान्य यांतले कोणते ‘नवे’ बेने इस्राएलांच्या मनात अधिक होते, हे त्या नावावरून सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही ते वेगळे करावेसे वाटले नसावे.

आता त्याच किनाऱ्याने दक्षिणेकडे येऊ, कारण याच शतकांत हाच उपास गोव्यात अगदी वेगळ्या नशिबाने जगत होता.

पोर्तुगालच्या राजा मानुएलने १४९७ साली आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. या ‘नवख्रिस्त्यां’पैकी पुष्कळांनी घरात जुना धर्म चालू ठेवला. १५३६ साली पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय स्थापन झाले आणि त्याच वर्षी एक जाहीरनामा निघाला. शेजारी, नोकर, आप्त यांनी कोणत्या गोष्टी पाहिल्या तर येऊन कळवाव्यात, त्यांची त्यात यादी होती. शुक्रवारी संध्याकाळी दिवे स्वच्छ करून नव्या वाती घालणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करणे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून क्रुसाची खूण न करता आशीर्वाद देणे. त्यात सणांचीही नोंद होती, आणि ती वाचून मी थबकलो. बेखमीर भाकरीचा सण, मांडवांचा सण, शिंगाचा सण आणि सप्टेंबरात येणारा यहुद्यांचा मोठा उपास अशी ती नावे आहेत. शिंगाचा सण म्हणजे वर्षारंभ, कारण त्या दिवशी मेंढ्याचे शिंग, शोफार, फुंकतात. मोठ्या उपासाच्या खुणा अशा, की दिवसभर न खाता चांदण्या दिसेपर्यंत थांबणे, अनवाणी राहणे आणि एकमेकांची क्षमा मागणे.

म्हणजे एकाच सणमालिकेच्या दोन याद्या आपल्यापुढे आहेत. दोन्हींत हिब्रू नावे नाहीत. दोन्हींत सण त्याच्या बाह्य खुणेवरून ओळखला आहे, भाकरीवरून, शिंगावरून, बंद दारावरून, झाकलेल्या मडक्यावरून. एक यादी सण पाळणाऱ्यांनी आपल्या घरात केली. दुसरी त्यांना पकडणाऱ्यांनी केली. त्या दुसऱ्या यादीत सणाचा नमस्कारच पुरावा ठरला. योम किप्पूरच्या आधी यहुदी माणूस ज्याला दुखावले त्याच्याकडे जाऊन क्षमा मागतो, कारण देवाकडे केलेले पाप देव क्षमा करील, पण माणसाकडे केलेले पाप त्या माणसानेच क्षमा करावे लागते, अशी त्यांची श्रद्धा आहे. दोन शेजारी एकमेकांना ‘मला क्षमा कर’ म्हणाले, आणि मोलकरणीने ते ऐकले, की प्रकरण उभे राही.

गोव्यात धर्मन्यायालय १५६० साली आले. त्याआधी २६ वर्षे, १५३४ मध्ये, गार्सिया द ओर्ता हा नवख्रिस्ती वैद्य गोव्यात येऊन स्थिरावला होता. व्हाइसरॉयांचा वैद्य, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही, भारतीय औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथाचा कर्ता. हा ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. १५६८ मध्ये त्याचे निधन झाले ते सन्मानाने. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून खुद्द वैद्यावरही तोच आरोप सिद्ध धरला गेला, आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. पणजीच्या चर्चसमोरील उद्यानाला आज त्याचे नाव आहे. त्या बागेत बसणाऱ्या किती जणांना ही हाडांची गोष्ट ठाऊक असते कोण जाणे.

या न्यायालयाची पुढील हकीकत आपल्या वाचकांना सांगायला नको. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ती साधार दिली आहे. यहुद्यांसाठी वापरलेले शस्त्र पुढे हिंदूंतून ख्रिस्ती झालेल्यांवर अधिक चालले. एप्रिल १७३६ च्या फर्मानात लग्नातील हळद, तेल, फुले, विडे, ओव्या, तुळशीचे रोप, एकादशीचा उपास, मिठाशिवाय शिजवलेला भात, धोतर आणि चोळी या सर्वांवर बंदी आहे. १५३६ च्या यादीत शुक्रवारच्या वाती होत्या, दोनशे वर्षांनंतरच्या यादीत अंगणातली तुळस आली. यादी करण्याची पद्धत तीच राहिली.

आपली पेडणे आणि डिचोली ही महाले त्या काळी या सत्तेच्या बाहेर होती. ती पोर्तुगीजांकडे आली १७८० च्या दशकात, तेव्हा येथल्या हिंदूंना धर्माचे अभय देऊनच नव्या राज्यकर्त्यांनी पाय रोवले. त्याआधी तिसवाडी-बारदेशातून देव आणि माणसे नदी ओलांडून आलीच होती. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीच्या नार्वे गावी आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधविले, हे येथील शाळकरी मुलालाही माहीत असते. ज्या घराण्यांनी आपला देव पेटाऱ्यात घालून नदी पार केली, त्यांना दार लावून पाळलेला उपास समजावून सांगावा लागू नये.

मग प्रश्न असा, की कोकणातील बेने इस्राएल या यादीतून सुटले कसे? चौल तर १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, आणि गोव्याच्या धर्मन्यायालयाचा अंमल पूर्वेकडील साऱ्या पोर्तुगीज मुलखावर चाले. चौलच्या आसपासच्या गावांतून बेने इस्राएलांची घरे होती. पहिले कारण कायद्याचे. या न्यायालयाचा रोख प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेल्यांवर असे आणि बेने इस्राएलांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. शिवाय त्यांची बहुतेक गावे पोर्तुगीज हद्दीबाहेर होती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. लिस्बनच्या यादीत ज्या खुणा होत्या त्या या लोकांत दिसत नव्हत्या. शिंग नव्हते, बेखमीर भाकरी नव्हती, हिब्रू पोथी नव्हती. होते ते नऊवारी नेसलेल्या बायका, वालाचे बिरडे आणि घाण्यावरचे तेली. जे विसरले गेले त्यानेच बहुधा त्यांना झाकले.

परिस्थिती बदलली ती इंग्रजी अमलात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुढे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत त्यांना हिब्रू शिकविली आणि १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, फळ मात्र उलटे मिळाले: हिब्रू येताच बेने इस्राएल आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ ची पुण्यातील आवृत्ती सचित्र आहे, आणि तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. जोसेफ इझीकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मडक्याच्या झाकणामागे काय होते ते आता छापून हातात आले.

हिब्रूबरोबर सणाच्या शुभेच्छाही आल्या. नव्याच्या सणाला आता ‘शाना तोवा’ म्हणू लागले. शाना म्हणजे वर्ष, तोवा म्हणजे चांगले. पूर्ण रूप ‘लेशाना तोवा तिकातेव’, चांगल्या वर्षासाठी तुझे नाव लिहिले जावो. कारण वर्षारंभी देवापुढे वही उघडते आणि येणाऱ्या वर्षाचा लेख लिहिला जातो अशी कल्पना आहे. दहा दिवसांनी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, त्या लेखावर मोहोर उठते, म्हणून मधल्या दिवसांत ‘गमार हातिमा तोवा’ म्हणतात, शेवटची मोहोर चांगली उमटो. मराठी वाचकाला येथे चित्रगुप्ताच्या वहीची आठवण होईल; पण चित्रगुप्त मेल्यावर हिशेब वाचतो, आणि येथे दर आश्विनात दहा दिवसांची मुदत मिळते, दुरुस्तीची. क्षमायाचनेचा रिवाज त्या मुदतीतला आहे. इतर सणांना ‘हाग समेआह’, आनंदाचा सण, एवढे पुरते.

पण शब्दांच्या आधीचा एक नमस्कार बेने इस्राएलांजवळ होता, ‘हातबोशी’. सणाच्या दिवशी प्रार्थनेच्या शेवटी मुख्य पुरोहित जवळच्या वडीलधाऱ्यांचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतो. हात सुटताच प्रत्येक जण आपली बोटे ओठांना लावतो. वडीलधारे तोच स्पर्श पुढच्यांना देतात आणि तो साऱ्या सभागृहात हातोहात पसरतो. प्रत्येक जण शक्य तो आपल्याहून वडील माणसाकडून तो घेऊ पाहतो. ‘शाना तोवा’ला एका अर्थी मराठी भाषांतराची गरजच पडली नाही, हातांनी ते आधीच सांगून झालेले होते.

पंगतीचेही तसेच. मांस आणि दूध एकत्र खायचे नाही हा त्यांचा मूळ नियम, म्हणून गोडधोडात नारळाचे दूध आले. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा करतात. जगातील इतर यहुदी त्या दिवशी सफरचंद मधात बुडवून खातात; कोकणच्या हवेत सफरचंद कुठले? नवसाच्या आणि शुभकार्याच्या वेळी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. हा विधी इतरत्र कोठल्याही यहुदी समाजात नाही.

नवे शब्द आले तसे जुने मागे पडले, आणि त्यात थोडा संकोचही होता. १९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये गेले. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास ते सुमारे २०,००० होते, आता काही हजार उरले आहेत. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली: शतकानुशतके ग्रंथ आणि धर्मगुरू यांच्याविना राहिलेल्या या लोकांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रशुद्ध मानायचे कसे? जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, आणि १९६४ साली इस्राएल सरकारने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. गोव्यात ज्या सणांमुळे माणूस यहुदी ठरून जळाला, तेच सण मराठी नावाने पाळल्यामुळे येथे माणसाला यहुदीपण सिद्ध करावे लागले. तरुण पिढीने घरात दारफाळणी म्हणणे सोडले असेल तर त्यांना दोष देणे कठीण आहे.

दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावांतून मराठी अजून बोलली जाते, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्या देशातून निघाले. नव्याच्या सणाला तेथेही ‘शाना तोवा’च म्हणतात. केहिमकरांच्या यादीतले एक नाव मात्र हिब्रूत नेता येत नाही. तिश्रीच्या एकादशीला यहुदी पंचांगात वेगळा सण नाही, त्यामुळे त्या दिवसाची ठरलेली शुभेच्छाही नाही. उपास सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडायचे, भिक्षेकऱ्याला धान्य घालायचे, आणि काल ज्यांना भेटता आले नाही त्यांच्याकडे जायचे, हा शिळा सण कोकणातच होता.